आडाचा कठडा आणि श्रावकाच्या पायऱ्या



गेल्या महिन्यात आमच्या परड्यात गवंडी आला. माझं वय अडुसष्ट. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं अजून ढकलतेय. मुलानं आणि सूनबाईनं मिळून एक यादी केली होती. न्हाणीत धरायला दांडी, मागच्या दाराच्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार, खुर्चीवर बसून भाजी चिरता येईल असा बुटका ओटा. सगळं पटलं. यादीच्या शेवटी मात्र लिहिलं होतं, "आड बुजवणे". तिथं मी अडखळले.

मुलाचं चुकत होतं असं नाही. २०१९ च्या ऑगस्टात शिरोळ तालुक्यात गावागावांत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा आमचं परडंही बुडालं आणि आड गाळानं भरला. उपसून घेतला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. घरात नळ आहे, रोज कोणी आडावर जात नाही. "आई, पोरं परड्यात खेळतात. तू दिवसभर एकटी असतेस. वाकलीस आणि तोल गेला तर?" यावर काय बोलणार? "दोन दिवस दे," एवढंच म्हणाले.

त्या दोन दिवसांत मी घरभर फिरले. आडाच्या दगडी कठड्याला तीन बाजूंनी दोर घासून घळी पडल्यात. चौथ्या, पूर्वेच्या बाजूला कठडा वीतभर खाली आहे. तो कोणी खाली घेतला ते मला ठाऊक आहे, कारण तेव्हा मी या घरातच होते. मग लक्षात आलं, या घरात असं वाकवलेलं, उचललेलं, हलवलेलं बरंच काही आहे. आणि बहुतेक सगळं घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी केलेलं आहे. तोच इतिहास आज तुम्हाला सांगायचा आहे.

आधी शास्त्राकडे बघू. आपल्याकडे उतारवयासाठी वेगळा असा उपदेश शोधावा लागत नाही. आचार्य समंतभद्रांचा 'रत्नकरंडक श्रावकाचार' आपल्यापैकी अनेकींनी पाठशाळेत शिकलाय. जेमतेम दीडशे श्लोक, पण शेवटी श्रावकाच्या अकरा प्रतिमा येतात. पाचवी सचित्तत्याग, आठवी आरंभत्याग, नववी परिग्रहत्याग. एकदम घर सोडा असं तिथं म्हटलेलं नाही. एक पायरी पक्की झाली की पुढची, आणि पुढच्या पायरीवर मागचे सगळे नियम सोबत असतातच. त्याच ग्रंथात अनर्थदंडव्रत येतं. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडं तोडणं, या सगळ्याला तिथं प्रमाद म्हटलंय. मला तर ते घर आणि परडं सांभाळण्याचंच पुस्तक वाटतं.

पुढे तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी धार आणि नालछा इथं राहून 'सागारधर्मामृत' लिहिलं. सागार म्हणजे घरात राहणारा. पंधराव्या शतकाच्या सुमारास गुणकीर्तींनी 'धर्मामृत' मराठी गद्यात लिहिलं, म्हणजे संस्कृत न येणाऱ्यांनाही आचारधर्म आपल्या बोलीत ऐकायला मिळाला.

या पायऱ्या खरोखर कोणी चढतं का? सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी बघा. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकजवळ गजपंथा इथं विद्वानांना बोलावलं आणि जैन संस्कृती संरक्षक संघासाठी तीस हजार रुपये दिले. १९४४ मध्ये जवळजवळ दोन लाखांची उरलेली सगळी मालमत्ता ट्रस्टच्या हवाली केली. १६ जानेवारी १९५७ ला समाधिमरण. टप्प्याटप्प्यानं हात मोकळे केले. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत ही हकीकत छापली जाते, म्हणून आपल्याला तारखांसकट कळते.

आपल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ ची, स्तवनिधीची. तिच्या अध्यक्षांची आणि देणगीदारांची नावं लिहिलेली आहेत. ते योग्यच आहे. पण चुलीपुढं बसून याच पायऱ्या चढलेल्या बायकांची नोंद कुठं ठेवली? माझ्या मते ती घराच्या भिंतीत आणि फरशीत आहे. फक्त वाचता आली पाहिजे.

ती वाचायची एक सोपी रीत आहे. जुने लोक घरातल्या पाच हिंसास्थानांना पंचसूना म्हणतात: कांडणं, दळणं, चूल, पाणी आणि झाडणं. पाचही कामं बायकांची. म्हणून या पाच जागा घरात कशा बदलत गेल्या ते बघितलं की घरातल्या बायका कळतात.

आमचं घर १९३४ सालचं, माजघराच्या तुळईवर साल कोरलंय. ते बांधलं तेव्हा माझ्या आज्जेसासूबाई तिशीत होत्या. मागच्या सोप्यात जमिनीत पुरलेलं उखळ होतं, माजघरात जातं. उखळ, जातं, चूल आणि पाण्याची उतरंड, या सगळ्यांवर चांदवा बांधलेला असायचा, वरून किडा-मुंगी, कोळिष्टक पडू नये म्हणून. चांदव्याच्या कड्या अजून आढ्याला आहेत. माझी नात विचारते, "पणजी तिथं झोका बांधायची का?"

इंजिनाची गिरणी गावात आली तेव्हा आज्जेसासूबाई पन्नाशीच्या होत्या. आपल्या भागाला यंत्रं तशी लवकर कळली. किर्लोस्करवाडी १९१० मध्येच वसली, नांगर आणि पंप तिथून गावोगाव गेले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्करांचा तेल इंजिनांचा कारखाना निघाला. जात्यावर खांदे भरून आलेल्या बाईला गिरणी म्हणजे सुटका. पण आज्जेसासूबाईंपुढं प्रश्न होता मर्यादेचा. पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. जात्यावर रोजचं रोज दळलं जायचं तेव्हा मोजायची गरजच नव्हती. गिरणीतून पायलीभर पीठ एकदम आलं की ते मर्यादेत संपणार कसं?

त्यांनी काय केलं? पिठाचा मोठा पितळी डबा मोडीत घातला आणि तीन लहान डबे आणले. दळण तीन दिवसांपुरतं. गिरणीच्या फेऱ्या वाढल्या, मामंजी कुरकुरले म्हणे, पण डबे लहानच राहिले. ते तीन डबे अजून माझ्या फडताळात आहेत. मी २००३ मध्ये घरघंटी घेतली तेव्हा आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "आता डबे पुन्हा कामाला आले." जात्याचं काम विजेवर गेलं, खांदे वाचले, पण मोजमाप आज्जेसासूबाईंचंच राहिलं.

चुलीची गोष्ट भूकंपाची आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत तडकली. ती पाडून बांधायची ठरली तेव्हा आज्जेसासूबाई साठी ओलांडून गेल्या होत्या. त्यांनी गवंड्याला सांगून दोन गोष्टी करून घेतल्या. पूर्वेला खिडकी मोठी केली आणि धान्य निवडायची जागा त्या खिडकीखाली आणली. डोळे अधू झाले होते, निवडताना कीड दिसेना. धूर जायला म्हणून पुरुषांनी खिडकी मान्य केली, पण त्यांचं कारण वेगळं होतं, असं आत्याबाई सांगायच्या. आणखी एक फायदा झाला. दिवेलागणीपर्यंत जो उजेड मिळायचा त्यात संध्याकाळचं जेवण आटपायला लागलं. तोवर अंधारात चाचपडत शेवटचा घास व्हायचा.

गॅस आमच्याकडे १९८४ मध्ये आला. 'इंडेन' गॅस देशात १९६५ पासूनचा, आमच्या घरात यायला एवढी वर्षं गेली. उभ्याचा ओटा बांधला तो आत्याबाईंच्या मापानं. त्या बुटक्या, मी उंच. चाळीस वर्षं मी त्या ओट्यापुढं वाकून पोळ्या लाटल्या आणि पाठीला त्याची आठवण आहे. पण तेव्हा माप कोणाचं घ्यायचं हा प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही, माझ्याही नाही. हे लिहून ठेवते, कारण सगळे बदल सगळ्यांना सोयीचे होते असं नाही.

झाडणं. शेणानं सारवलेली जमीन जाऊन शहाबादी फरशी आली, आणि १९९२ मध्ये फिकट रंगाची गुळगुळीत फरशी बसवली. सगळ्यांना काळी हवी होती, डाग दिसत नाहीत म्हणून. आत्याबाई हटून बसल्या. "काळ्यावर मुंगी दिसत नाही, आणि माझी नजर आता कमी झालीय." फिकट फरशी आली. डाग दिसतात, मुंग्याही दिसतात. बघून पाऊल टाकावं हा नियम तरुण डोळ्यांना सोपा असतो, म्हातारीला त्यासाठी फरशीचा रंग बदलावा लागतो.

परड्यातही असंच. आपल्याकडे परड्यात कंदमूळ लावायचं नाही हे होतंच. सांगली हळदीची पेठ, तरी आमच्या परड्यात हळदीचा वाफा कधी नव्हता, घरात वाळलेली हळदच यायची. जास्वंद आणि मोगरा होता, देवळात फुलं त्यातलीच जायची. आत्याबाईंनी एकसष्टाव्या वर्षी नेम घेतला, चातुर्मासात झाडाचं काही तोडायचं नाही. मग पूजेच्या फुलांचं काय? त्यांनी आडाशेजारी पारिजातक लावला. फुलं स्वतःच गळतात. पहाटे खाली धुतलेलं पांढरं पातळ अंथरायचं आणि फुलं झटकून बघून, किडा-मुंगी बाजूला करून, परडीत घ्यायची. भाद्रपदात, दशलक्षण पर्वात, झाड ऐन बहरात असायचं. त्या वेळी मला ती हौस वाटली होती. आता कळतं, नेम आणि गुडघे दोन्ही सांभाळायची ती युक्ती होती. फांदीला हात पुरवायचा नाही आणि तोडायचंही नाही.

आता पाणी, म्हणजे आड. आपल्या घरांत पाणी गाळणं म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे. दुहेरी फडक्यानं गाळायचं आणि फडक्यावर जे जीव राहतात ती जिवाणी त्याच पाण्यात परत सोडायची. वरून ओतली तर आपटून मरतील, म्हणून बुडाला कडी असलेला पोहरा. तो अलगद पाण्यापर्यंत न्यायचा आणि तिथंच उलटायचा. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, चालतं. लवंग घातली तर सहा तास, उकळलं तर चोवीस तास. म्हणजे पाण्यासाठी आडावर जाणं दिवसातून एकदा नसायचंच.

नळ आल्यावर ही साखळी तुटली. नळाच्या पाण्याची जिवाणी कुठं सोडायची? ते पाणी नदीचं, आणि एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात सोडू नयेत असं सांगितलेलं. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी हा प्रश्न मोरीत ओतून टाकलाय. मीही रोजच्या वापराच्या पाण्याचं तेच करते, खोटं कशाला बोलू. आत्याबाई मात्र शेवटपर्यंत आडाचं पाणी प्यायल्या. ओढता येईना तेव्हा त्यांनी हे वर्ज्य केलं नाही, सोय बदलली. १९८८ मध्ये पूर्वेचा कठडा वीतभर खाली घेतला, आत चौरंग ठेवता येईल एवढी सपाट फरशी बसवली, आणि बसून, लहान पोहऱ्यानं, दोन तांबे पाणी काढायच्या. स्वतःपुरतं. बाकीच्यांचं पाणी बाकीच्यांनी बघावं. आता मला वाटतं, त्या आरंभ कमी करत होत्या. आठव्या प्रतिमेचं नाव घेण्याइतकं मोठं ते नसेल, पण दिशा तीच.

आणि आड बुजवू नये याचं आणखी एक कारण, जे मुलाला सांगायला मला दोन दिवस लागले. गावात मुनिसंघ येतो तेव्हा चौका लागतो आणि आहाराला आडाचं पाणी लागतं. आमच्या गल्लीत पूर्वी सात आड होते. आज दोन उरलेत. गेल्या खेपेला संघ आला तेव्हा चार घरच्या बायका पहाटे कळशी घेऊन आमच्या परड्यात होत्या. आड बुजवला तर आमच्याच घरचा नाही, त्यांचाही चौका बंद होईल. ही भावुक आठवण नाही. एक काम आहे जे नळानं होत नाही.

तिसऱ्या दिवशी मुलाला आणि सूनबाईला घेऊन आडावर बसले. म्हणाले, "तुमची भीती खरी आहे, माझी अडचणही खरी आहे. बदल करू, पण बुजवायला नको." सूनबाईच आधी बोलली. "मग आत्याबाई, वर जाळी घालू आणि जाळीला कुलपाचं दार ठेवू." तिनं तसं म्हटल्यावर मुलगा नरमला.

एकच गोष्ट माझ्या जिवावर आली. पोरांसाठी कठडा सगळीकडून सारखा उंच करायचा, म्हणजे पूर्वेची खाली घेतलेली बाजूही. आत्याबाईंनी केलेला बदल मलाच पुसायचा होता. शिवाय मला आता बसून पाणी ओढता येत नाही. ऑपरेशननंतर खाली बसणंच बंद. मला उभ्यानं, कमरेच्या उंचीवर, हात टेकून काम जमतं. त्यांच्या सोयीची जागा माझ्या गैरसोयीची झाली होती. थोडं रडूही आलं. मग आठवलं, आज्जेसासूबाईंनी बांधलेला कठडा आत्याबाईंनी फोडलाच होता. त्यांना कोणी अनादर म्हटलं नव्हतं.

तर आता आडाला कमरेइतका कठडा आहे, वर जाळी, जाळीला दार, दारावर कप्पी. पोहरा जुनाच, बुडाला कडी असलेला, लहान. पाऊस संपला की आड उपसून घ्यायचा, आणि पाणी तपासून मगच चौक्याला वापरायचं, हे ठरलंय. धान्याचे डबे पुरानंतर वरच्या फळीवर गेले होते, ते मला पुरेनात. ते मधल्या फळीवर आणले. पावसाळ्याचे चार महिने मुलगा वर चढवून देणार.

परड्यात दोन वाफे विटांनी कमरेइतके उंच करून घेतले. त्यात मेथी, कोथिंबीर, तुळस. वाकावं लागत नाही, आणि पान डोळ्यांजवळ येतं, त्यामुळे खालची अळी-अंडी दिसतात. फवारणी नाही. पालापाचोळा जाळायचा नाही, एका कोपऱ्यात कुजू द्यायचा. संध्याकाळी परड्यातला मोठा दिवा बंद, दाराशी एक मंद पिवळा. पांढऱ्या दिव्यावर केवढे किडे यायचे! कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या. पाणी साठलं की डास होतात आणि मग मारण्याची पाळी येते. आत्याबाईंचा पारिजातक २०१९ च्या पुरात गेला. त्याच जागी सूनबाईनं नवा लावलाय, अजून गुडघ्याएवढा आहे.

बुटका ओटाही झाला. गवंड्यानं विचारलं, "आज्जी, माप कुणाचं घेऊ?" मी सूनबाईला खुर्चीवर बसवलं. ती म्हणाली, "मला कशाला, तुमच्यासाठी आहे ना?" म्हटलं, "माझ्यासाठी विटा लावून खुर्ची उंच करता येईल. ओटा तुझ्या पाठीला पुरला पाहिजे." शेवटी दोघींच्या मधलं माप घेतलं.

पूर्वेच्या कठड्याचा, खाली घेतलेला, घळ पडलेला दगड काढला तेव्हा गवंडी तो राबिटात टाकणार होता. थांबवलं. आता तो पारिजातकाच्या आळ्याला लावलाय. बोटं घातली की घळ लागते. नातीला सांगितलं, हा दोर तुझ्या पणजीच्या हातातला. झोका मात्र नव्हता.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादा खाली घेतलेला कोनाडा असेल, उंच केलेली पायरी असेल, लहान केलेला डबा असेल. तो कोणी बदलला, कितव्या वर्षी, आणि का, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि आपलं शरीर थकलं म्हणून नेम सोडायच्या आधी एकदा बघा, जागा बदलून भागतंय का.

जय जिनेंद्र.